हरणाबाईच्या माळावरची शिराझ

ऐक गड्या, नुसतं ऐक. मधी तोंड घालू नगंस, कारन तू मधी बोललास की माझी गाडी भलतीकडंच जाती आन् मल्हारची गोष्ट ऱ्हाती बाजूला.

मल्हार म्हंजी ज्योतिबा आबाचा मल्हार. विट्याच्या फुडं, आटपाडीच्या वाटंला रान हाय न्हवं त्यांचं, त्यो. धनगराचं घर. आज्ज्यापतुर मेंढरं घिऊन वरीसभर हिंडनारी मानसं, पन आबानं मेंढरं सोडली आन् द्राक्षात शिरला. आन् शिरला म्हंजी आसा शिरला की कुनाच्या बागंत मनी बारीक पडला की मानसं म्हनायची, "जा, ज्योतिबाला घिऊन ये, त्यो हात लावंल." आबाचं द्राक्ष तू खाल्लंयस का? एक मनी तोंडात टाकला की गाल फुगायचा. घड हातात घेतला तर मनगट दुखायचं. मार्केटात पेटी उघडली की बाकीचं यापारी आपापल्या पेट्या झाकून घ्यायचं, आसं आबा स्वताच सांगायचा, आता खरं-खोटं त्येलाच म्हाईत.

पन त्या समद्याच्या मागं बाई व्हती. हरणाबाई, मल्हारची आई. घराच्या वरल्या अंगाला त्यांचा एक माळ हाय, निस्ता मुरूम. आबा म्हनायचा हितं कुसळ बी धरनार न्हाई. हरणाबाईनं तिथं द्राक्षाची काडी लावली. दुष्काळ पडल्याला, टँकर वाडीत यायचा, आन् ही बाई तिथनं डोक्यावर घागरी घिऊन चढ चढायची. सोता घोटभर प्यायची आन् बाकी वेलाला. जेवायची समद्यांच्या माघारनं, कवा जेवायची बी न्हाई. वेल जगलं. बाई वाळत गेली. करोनाच्या दुसऱ्या लाटंत गेली ती, मानसं बी धड जमली न्हाईत मातीला. तिच्या माघारी आबा त्या माळाकडं फिरकलाच न्हाई. वेल वाळून सरपन झालं. मानसं त्याला हरणाबाईचा माळ म्हनत्यात, आजून.

आता मल्हार. त्यो तवा वाईच्या अलीकडं एका वाईनच्या कारखान्यात कामाला लागल्याला. काम काय, टाक्या धुनं, पाईप ओढनं, हातपाय लालभडक. तिथं सोनिया मॅडम हाय, वाईन करनारी, पुन्याची, बोलायला एकदम तुकडा पाडल्यागत. पयल्याच हंगामात तिनं मल्हारच्या हातावर एक घड ठिवला. बारीक, काळानिळा, मनी एवढाएवढा. मल्हार हसला. म्हनला, "मॅडम, ही द्राक्षं हायेत का वटानं?"

"शिराझ आहे. खाऊन बघ. साल चाव, थुंकू नकोस."

चावली. पयलं ग्वाड, मंग साल दाताला लागली तशी जीभ आकसली, तुरट, आन् मंग पार मागनं, घशाकडनं, मिऱ्याचा वास. काळ्या मिऱ्याचा! मल्हार येड्यागत घड नाकाला लावून हुंगाय लागला. आरं, ह्यो द्राक्षाच्या घरात जलमल्याला मानूस, पन द्राक्षाला चव आसती हे त्येला त्या दिशी कळलं. आपल्याकडं काय, ग्वाड आन् मोठं, बास.

मंग मॅडमनं चार गिलास मांडलं. पयला गुलाबी, दुसरा काळपट लाल, तिसऱ्यात बुडबुडं, चवथा काकवीगत दाट आन् ग्वाड. म्हनली, "चारही शिराझ. एकच द्राक्ष."

"आयला! मॅडम, ह्यो तर बहुरूपी हाय. सकाळी फौजदार हून येतो, सांच्याला मारुती हून येतो."

मॅडम एवढी हसली की त्या दिसापास्नं अख्खा कारखाना शिराझला बहुरूपीच म्हनाय लागला. "बहुरूपीची गाडी आली," "बहुरूपीची टाकी धुवा." पन मॅडमनं फुडं जे सांगितलं ते मल्हारनं मनात कोरून ठिवलं. ती म्हनली, "सोंग काढायचं ते सालीतून. रंग सालीत, वास सालीत, तुरटपणा सालीत. मणी बारीक तर साल जास्त, पाणी कमी. मणी मोठा झाला की मग फक्त पाणी. ह्या वेलाला लाडावून ठेवायचं नाही. थोडं उपाशी, थोडं तहानलेलं ठेवायचं. मुरुमाच्या जमिनीत हा खूश असतो."

मुरूम म्हनल्यावर मल्हारच्या डोस्क्यात काय आलं आसंल? बरोबर. माळ.

घरी आला आन् आबाला म्हनला, "आबा, माळावर शिराझ लावतो."

"शिराळ्याची व्हय? तिथं द्राक्ष कवा व्हाय लागलं? तिथं तर नागोबा."

"शिराळा न्हाई आबा, शिराझ. वाईनचं द्राक्ष."

आबानं तंबाखूची चिमट तोंडात टाकली आन् उठून गोठ्याकडं गेला. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई. मल्हारनं लावली. सुट्टीला यायचा, तारा वढायचा, वेल बांधायचा, परत वाईला. तिसऱ्या वर्साला पीक धरायचं ठरलं तवा सोनिया मॅडम सोता बघाय आली. मुरूम हातात घेतला, चोळला, वेलाची पानं उलटून बघितली. आन् म्हनली, "मल्हार, ह्या माळाचं द्राक्ष नीट आलं ना, तर मी दुसऱ्या कुणाच्या मालात मिसळणार नाही. वेगळी टाकी लावते. एका रानाची वाईन. बाटलीवर रानाचं नाव. काय म्हणतात ह्याला?"

"हरणाबाईचा माळ."

"हरणाबाई कोण?"

"आई माझी."

मॅडमनं वेलावर हात ठिवला. "मग बाटलीवर तेच," म्हनली.

आता तूच इचार कर. त्या बाईच्या नावचं घरात काय न्हवतं रं. सातबारा आबाचा, बाग आबाची, वाहवा आबाची. फोटो बी आधारकार्डावरनं मोठा केल्याला, तो बी धुरकट. आन् आता बाटलीवर नाव, दुकानात, हाटेलात, पाचगणीला येनारी मानसं हातात घिऊन वाचत्याली, हरणाबाईचा माळ. मल्हारला दुसरं कायच नगं व्हतं. पगारवाढ नगं, बढती नगं. हे एवढंच.

त्येनं आबाला सांगितलं. आबा जेवत व्हता. म्हनला, "दारूच्या बाटलीवर? तिचं नाव?"

"आवं दारू न्हवं आबा, वाईन."

"मंग काय पंचामृत हाय?"

ताट सरकवून उठला. मल्हारला वाटलं, झालं, गेलं समदं. पन दुसऱ्या दिशी उजाडायला बघतो तर आबा घरात न्हाई. हुडकत वर गेला तर आबा माळावर, दोन वेलांच्या मधी उकिडवा बसल्याला, हातानं तन काढतुया. बाई गेल्यापास्नं पयल्यांदा. मल्हार तसाच मागं फिरला.

आन् आता हितनं समदं फिरलं बघ. ऐन घड बाहीर पडाय लागल्याला, आन् कारखान्यानं मल्हारला नाशकाकडं धाडला, दुसऱ्या एका मोठ्या कारखान्यात काम शिकाय, पार हंगाम सुरू हुईस्तवर. मंग माळ कोन बघनार? आबाच. मल्हार निघताना आबाला घिऊन वर गेला.

आबा म्हनला, "सांग. ह्येला काय काय करायचं?"

"काय करायचं न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी काय न्हाई. भुरी-दावन्या रोगाचा फवारा तेवढा. पानी निम्मं. बुडवायचं न्हाई, फुगवायचं न्हाई, खोडाची साल काढायची न्हाई. उपाशी ठिवायचा वेल."

"उपाशी?" आबा म्हनला.

"व्हय. उपाशी."

तुला तर म्हाईत हाय, तू बी बुडवल्यात घड. आपल्याकडं मनी ज्वारीएवढा झाला की एकएक घड हातात धरून औषधाच्या मगात बुडवायचा, मंग मनी फुगतो. बायकांच्या टोळ्याच्या टोळ्या येत्यात, सुर्व्या उगवायच्या आत. ज्याची बाग बुडवली न्हाई त्येला मानसं इचारत्यात, "काय रं, घरात कुनी आजारी हाय का?" न बुडवल्याली बाग म्हंजी बेवारशी बाग. आन् ज्योतिबा आबाला पोरगं सांगतंय, काय करायचं न्हाई!

मल्हार नाशकाकडनं रोज फोन करायचा. "आबा, बाग कशी हाय?" आबा म्हनायचा, "एक नंबर." "फोटू पाठवा की कुनाकडनं." "फोटू कशाला, ये आन् डोळ्यानं बघ." आवाजात आसा जोर की मल्हार खूश. बाप माळावर जातोय, बाप बोलतोय. बाई गेल्यापास्नं आबा फोनवर धा शबूद बोलत न्हवता, आता निस्ता पट्टा. ह्येलाच मल्हार फसला. बाप कशापायी एवढा फुललाय हे त्येनं इचारलंच न्हाई.

काढनीच्या आदल्या दिशी आला. घरात पिशवी टाकली आन् वर. आबा आधीच वर हुबा, नवी टोपी, धुतल्यालं धोतर. बांधावर चारपाच मानसं आल्याली. आन् वेलावर...

आरं, वेलावर घड न्हवतं, तोरनं व्हती! एकएक मनी बोराएवढा, टच्च. रंग काळानिळा न्हाई, फिक्का, धुऊन धुऊन ईटल्याल्या लुगड्यागत. बांधावरची मानसं म्हनत्यात, "ज्योतिबा, हात हाय बाबा तुझा! बियाच्या द्राक्षाला बी फुगिवलंस!" आन् आबा द्राक्षाकडं बघत न्हाई, मल्हारच्या तोंडाकडं बघतोय.

मल्हारनं एक मनी तोंडात टाकला. पानी. साल फाटली, पानी, संपलं. त्येनं साल चावली, परत चावली. मिरी न्हाई. तुरट न्हाई. कायच न्हाई.

"कसं हाय?" आबा.

"लय ग्वाड," मल्हार म्हनला. काय म्हननार?

मंग आबानं त्येला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला. आबानं खांद्यावर हात टाकल्याला मल्हारला आठवत सुदिक न्हाई. म्हनला, "तू म्हनलास उपाशी ठीव. म्या ठिवला रं. थोडं दिस ठिवला. मंग मला झोप यीना. ती उपाशी ऱ्हाऊन ऱ्हाऊन गेली, ह्याच माळावर, माझ्या डोळ्याम्होरं, आन् तवा मी काय केलं न्हाई. आन् आता तिच्या नावाचा वेल बी उपाशी ठिवू? आन् घड बघितलं तर मिरचीच्या बीयागत. लोकं काय म्हनतील, हरणाबाईचं द्राक्ष आसलं? माझ्यानं व्हयना. बाई लावली न्हाई, टोळी लावली न्हाई. समदं घड म्या सोता बुडवलं. एकदा न्हाई फुगलं, परत बुडवलं. पानी सोडलं पोटभर. काय चुकलं का?"

मल्हार म्हनला, "न्हाई आबा."

दुसऱ्या दिशी जयराजचा पिकअप भरला. जयराज म्हंजी त्यांच्या वाडीतलाच, बडबड्या. कराडपतुर त्यो बोलतुया, सातारा आला तरी बोलतुया, "मल्हारी, मॅडम आता तुला पेढाच देती बघ." मल्हार खिडकीतनं बाहीर बघतोय. वाटंत दोनदा त्येच्या मनात आलं, गाडी वळव म्हनावं. कुठं वळवनार?

कारखान्यात सोनिया मॅडमनं ताडपत्री उचलली. बघत ऱ्हायली. एक मनी घेतला, दाबला, रस साखर मोजायच्या बारक्या दुर्बिनीवर टाकला, डोळ्याला लावली, खाली केली. मंग एक चावला आन् थुंकला. म्हनली, "कोणी केलं हे?"

आबाचं नाव घेता आलं आसतं. पन घेतलं न्हाई त्येनं. म्हनला, "म्या."

"तू?"

"व्हय मॅडम. म्या बुडवलं."

"तू नाशिकला होतास."

"आदी बुडवून गेल्तो." खोटं बी धड बोलता यीना त्येला. तवा घड बुडवायच्या येळंचं झालंच न्हवतं, मॅडमला काय कळत न्हाई व्हय ते? पन तिनं ते धरून ठिवलं न्हाई. ताडपत्री खाली सोडली आन् म्हनली, "मल्हार, तुला मी काय शिकवलं होतं? हे खायचं द्राक्ष झालंय. सुंदर आहे. पण ह्याची वेगळी टाकी मी नाही लावू शकत. नाव नाही लावू शकत. कारखाना माझा एकटीचा नाही."

"मंग?"

"परत ने, नाहीतर मोठ्या टाकीत टाकते. ती गुलाबी, गोड. पाचगणीला येणारे पर्यटक बर्फ घालून पितात ती."

परत न्यायचं कसं? पिकअप भरून माघारी वाडीत? बांधावरच्या मानसांम्होरनं? मल्हार म्हनला, "टाका."

आन् त्येनंच वतलं, दुसरं कुनाला हात लावू दिला न्हाई. क्रेटं उलटी करतुया, तर शेजारी दुसऱ्या गाडीतली द्राक्षं बी तिथंच पडत्यात, पांढरी, तांबडी, कुठली कुठली. बघता बघता माळाचं कुठलं आन् दुसऱ्याचं कुठलं कळंना झालं. बहुरूपीनं पाचवं सोंग काढलं, मानूस वळखूच येनार न्हाई आसलं.

आता हितपतुर तू म्हनशील, बाबा, नशीब. थांब.

घरी आल्यावर आबा दारातच. "लागलं का नाव?"

दोन शबूद व्हतं रं. "न्हाई लागलं." एवढं बोलला आसता तर तिथंच तुटलं आसतं. पन बापाचं तोंड बघ, नवी टोपी आजून डोक्यावर. मल्हार म्हनला, "लागलं आबा. लय खूश झाली मॅडम."

आबानं डोळं पुसलं. बस, मंग काय. थोड्या दिसांनी आबा म्हनला, "बाटली कवा येती?" परत म्हनला. तिसऱ्यांदा म्हनला तवा मल्हार कराडला एका छापखान्यात गेला. चिकटपट्टी छापून घेतली, वर वेल काढल्याला, खाली मोठ्या अक्षरात, हरणाबाईचा माळ. कारखान्यातनं शिराझची एक बाटली इकत घेतली, दुसऱ्या कुनाच्या तरी रानातली, चांगली. गरम पान्यात धरून तिचं लेबल सोलून काढलं आन् हे लावलं. वाकडं लागलं, परत काढलं, परत लावलं. छापून घेतल्यालं नाव बोटानं दाबताना त्येला वाटलं, आपन आईचं नाव चोरीच्या मालावर मारतोय.

घरी बाटली आली आन् तुला सांगतो, वाडीत वरात निघायची बाकी व्हती. आबा म्हनला देव्हाऱ्यात ठिवायची. बनुबाई, आबाची थोरली भन, कडाडली, "आरं ए ज्योत्या, खंडोबाच्या फुड्यात दारू ठिवतुयास? अक्कल गहान टाकलीस व्हय?" आबा म्हनला, "दारू न्हवं ती, वाईन." मल्हार कोपऱ्यात, हसावं का रडावं कळंना. शेवटाला बाटली हरणाबाईच्या फोटोखाली फळीवर गेली. आबानं बूच उघडू दिलं न्हाई. जो यील त्येला दावायचा. वाचाय येत न्हाई त्येला, पन बोट बरोब्बर नावावर ठिवायचा. "हे बघ, हिचं नाव. आन् लेकानं सांगितल्यालं उपाशी ठीव म्हनून! म्या बुडवलं म्हनून झालं."

तिकडं मॅडमनं मल्हारला परत टाक्या धुवाय लावलं. काढलं न्हाई कामावरनं, पन पयल्यासारखं गिलास म्होरं करून "सांग, काय वास येतोय" आसं परत कवा इचारलं न्हाई. तिचं बोलनं कामापुरतं. मल्हारनं एवढंच मागितलं, "मॅडम, फुडल्या साली परत बघा." ती म्हनली, "बघू."

आता खरी गोष्ट ऐक. कोंडीबा म्हाईत हाय न्हवं तुला? वड्याच्या पल्याडचा, सुगरनीच्या खोप्याएवढं डोस्क्यावर मुंडासं बांधतो त्यो. त्येनं बी शिराझ लावल्याली, मल्हारच्याच सांगन्यावरनं, त्याच कारखान्याला घालायची. मल्हारनं वरीसभर त्येच्या मागं लागून लागून लावाय लावली, "काका, तुमचा बी मुरूम हाय," आन् मॅडम बाटलीवरच्या नावाचं बोलल्यावर, "तुमचं बी नाव लागंल." औंदा त्येचं पयलं पीक. आन् मनी ज्वारीएवढा झाल्याला. बुडवायची येळ.

गेल्या आयतवारी मल्हार घरी व्हता. कोंडीबा आला, सोप्यात बसला, फळीवरची बाटली हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मंग आबाला म्हनला, "ज्योतिबा, लपवू नगंस गड्या. कारखान्याची मानसं मला सांगत्यात काय करू नगा म्हनून. पन तू बुडवलंस आन् तुझं नाव लागलं. मला बी हिचं, माझ्या रंगुबाईचं नाव लागल्यालं बघायचंय, जिवंतपनी. काय काय घातलंस, कसं घातलंस, सांग."

आन् आबा सांगाय लागला रं. आसा फुलून सांगतोय, औषध किती, पानी किती, घड कसा धरायचा, मनगट कसं फिरवायचं, ऊन लागायच्या आत कसं आटपायचं. कोंडीबा मान डोलावतोय. "उद्याच टोळी लावतो," म्हनतोय. मल्हार चा घिऊन दारात हुबा. 

तवाच कोंडीबा त्येच्याकडं वळला. "व्हय रं मल्हारी, तू शिकल्याला हायेस त्यातलं. आबा सांगत्यात तसंच करू न्हवं?"

आबा बी बघाय लागला. हसत बघतोय. आता बोलायचं तर बोलायचं, हीच येळ. बोललं तर कोंडीबाचं पीक वाचतंय, रंगुबाईचं नाव वाचतंय. आन् बोललं तर आबाला कळनार की ज्या हातानं त्येनं एकएक घड बुडवला त्याच हातानं त्येनं तिचं नाव धुऊन टाकलं, आन् फळीवरची बाटली खोटी हाय, आन् पोरगं वरीसभर आपल्याला फसवतंय.

मल्हारनं चा खाली ठिवला. म्हनला, "व्हय काका. आबा सांगत्यात तसंच."

सोमवारी बुडवली कोंडीबानं. अख्खी बाग. रंगुबाई सोता व्हती टोळीत, गानं म्हनत.

आता तोंड वाकडं करू नगंस. मला बी तसंच वाटलं, मी बी त्येला शिव्या घातल्या, त्यो ऐकून घेत बसला. पन मंग घरी आल्यावर आबाचं तोंड माझ्या डोळ्याम्होरनं हलंना. म्हनून तुला इचारतोय, खरं खरं सांग. त्या दारात, हातात चा घिऊन, तू हुबा आसतास, तर तू काय केलं आसतंस?